रॅकेट हातात फिरते? ग्रिप जाड करण्याआधी या चुका टाळा

बॅडमिंटनमध्ये स्मॅश मारताना रॅकेट हातात फिरली की जुन्या ओव्हरग्रिपवर (ग्रिपवर गुंडाळायच्या पातळ पट्टीवर) आणखी एक चढवायची, हा उपाय सगळीकडे चालतो. दोन दिवस बरं वाटतं, मग बॅकहँड अडखळायला लागतो. रॅकेट फिरते ती बहुधा तिची मूठ बारीक असल्यामुळे नव्हे, तर ग्रिप झिजून गुळगुळीत झाल्यामुळे किंवा घामाने ओली झाल्यामुळे. तिथे जाडी वाढवून काय होणार? जुनी काढा, नवी एकच लावा.

हिशेब साधा आहे. नेहमीची ओव्हरग्रिप ०.६ मिलिमीटर जाड असते. ती मुठीच्या दोन्ही अंगांना बसते, म्हणून व्यास १.२ मिलिमीटरने आणि घेर जवळजवळ ४ मिलिमीटरने वाढतो. दोन चढवल्या की साडेसात. मुठीला आठ पैलू असतात. बॅकहँडला अंगठा रुंद पैलूवर टेकतो आणि जाळी कुठे वळली आहे हे बोटांना त्या कडांवरूनच कळतं. थरांवर थर दिले की कडा बुजतात, मूठ गोल होते आणि फोरहँडवरून बॅकहँडवर जायला वेळ लागतो. शिवाय वजन मुठीकडे वाढतं, त्यामुळे रॅकेटचं डोकं हलकं लागतं आणि स्मॅशमधला जोर गेल्यासारखा वाटतो.

जाडी तपासायची ती हातावर. रॅकेट सैल, नेहमीसारखी धरा. बोटांची टोकं आणि अंगठ्याखालची गादी यांच्यात करंगळी जेमतेम शिरेल इतकी फट हवी. नखं तळहाताला टोचत असतील तर मूठ बारीक आहे, एक ओव्हरग्रिप लावा. फट त्याहून मोठी असेल तर एक थर उतरवा. मूठ फार बारीक असली तर आपण ती आवळून धरतो आणि कोपराखालचा हात भरून येतो, हेही खरं. नवी रॅकेट घेताना शाफ्टच्या (मुठीवरच्या बारीक दांडीच्या) खालच्या टोकाशी ‘४यू जी५’ असं लिहिलेलं दिसेल. पहिला भाग वजनाचा (४यू म्हणजे ८० ते ८४.९ ग्रॅम), दुसरा मुठीचा. योनेक्समध्ये ‘जी’पुढचा आकडा जितका मोठा तितकी मूठ बारीक. सगळ्या कंपन्यांची पद्धत एक नाही, तेव्हा दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळवत बसू नका.

ग्वाल्हेरात दुकानात जाऊन ‘भैया, मोटी ग्रिप दे दो’ म्हटलं की हातात तीनपैकी काहीही पडू शकतं. ओव्हरग्रिप पातळ असते आणि दुसऱ्या ग्रिपवर बसते. रिप्लेसमेंट ग्रिप जाड, मऊ असते आणि थेट लाकडावर चिकटवायची असते. तिसरी टॉवेल ग्रिप, म्हणजे सुती. रिप्लेसमेंट ग्रिप फॅक्टरीच्या ग्रिपवरच गुंडाळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मुठीचा सोटा होतो. फॅक्टरीची ग्रिप आधी सोलायची, तीही हळूहळू, नाहीतर गोंदाबरोबर लाकडाचे सालपट निघतात.

ऋतूही बघायला हवा. मे महिन्यात लू चालते तेव्हा घाम लगेच वाळतो, साधी ओव्हरग्रिप पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये बंद हॉलमध्ये घाम वाळतच नाही. तेव्हा टॉवेल ग्रिप बरी, वर चिमूटभर ग्रिप पावडर. पण टॉवेल ग्रिप भिजून दबली आणि कडक झाली की धुऊन वापरू नका, बदला. डिसेंबरात गल्लीत नेट बांधून खेळणाऱ्यांचे हात कोरडे आणि गार असतात. त्यांच्या हातातून टॉवेल ग्रिप सुळकन निसटते. तिथे चिकट ओव्हरग्रिपच हवी.

गुंडाळताना होणाऱ्या चुका बारीक असतात, पण ग्रिप त्यांनीच सुटते. नव्या ओव्हरग्रिपवर पातळ पारदर्शक प्लास्टिक असतं, ते काढायचं राहून जातं आणि मग ‘ग्रिप घसरते’ अशी तक्रार येते. निमुळतं टोक मुठीच्या बुडाशी ठेवून सुरुवात करा, तिथे एक पूर्ण वेढा द्या, मग तिरपं वर जा. प्रत्येक वेढा आधीच्यावर २-३ मिलिमीटर चढू द्या. ओढ एकसारखी ठेवा: सैल राहिली तर सुरकुत्या पडून ग्रिप सरकते, फार ताणली तर पातळ होऊन फाटते. वर उरलेलं टोक तिरपं कापून सोबतच्या टेपने बांधा. डावखुऱ्यांनी उलट दिशेने गुंडाळावं. दिशा चुकली की खेळताना बोटांखाली कडा उलगडू लागतात.

पावसाळ्यात खेळून झाल्यावर रॅकेट लगेच कव्हरात कोंबू नका. ओलावा लाकडात मुरतो, वासही धरतो. तासभर पंख्याखाली उघडी ठेवा.