बीपीची गोळी रात्री की सकाळी?

झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरायला हवा. काहींचा तो उतरतच नाही, आणि दवाखान्यात दिवसा मोजून हे कळतही नाही. त्यासाठी दंडाला 24 तास पट्टा बांधून मोजणी करतात. त्यात रात्रीची सरासरी 120/70 किंवा त्याहून जास्त आली तर ती वाढलेली धरतात.

मग गोळी रात्रीच घ्यावी का? ब्रिटनमध्ये 21,000 हून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू यांत सकाळी किंवा रात्री गोळी घेणाऱ्यांमध्ये फरक दिसला नाही. म्हणून मला वाटतं, जी वेळ तुमच्याकडून चुकत नाही तीच धरा.

लघवी वाढवणारी गोळी मात्र शक्यतो सकाळीच बरी. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, झोपमोड होते आणि वयस्कर माणूस अंधारात पडण्याची भीती असते, ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. रात्रीच्या गोळीनंतर उठताना चक्कर येत असेल तर आधी पलंगावर मिनिटभर बसा, मग उभे राहा, आणि डॉक्टरांना जरूर सांगा.

घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा. रात्रीचा रक्तदाब न उतरण्यामागे अनेकदा तेच असतं. वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच. एक दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळी घेऊ नका.