पात्राचा चेहरा जुन्या चित्रांत शोधताना

माझ्या पहिल्या कथेतल्या नायिकेचे डोळे टपोरे होते आणि नाक चाफेकळीसारखं. दुसऱ्या कथेतली नायिकाही तशीच. ती कथा परत पाठवताना एका संपादकांनी समासात लिहिलं होतं, ‘ही बाई मला दिसत नाही.’ ते मनाला लागलं, कारण ती मलाही दिसलेली नव्हती.

त्यानंतर मी जुनी व्यक्तिचित्रं बघायला लागले. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आपल्याकडची कितीतरी चित्रं मोठ्या आकारात संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेऊ देतात. त्यामुळे सोलापुरात, पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात बसूनही डच चित्रकार रेम्ब्रांटच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येतात.

त्याचं १६६१ सालचं, संत पॉलच्या वेषातलं आत्मचित्र उघडा. डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलेलं कापड, भुवया वर चढलेल्या, कपाळभर आडव्या आठ्या. मी बराच वेळ त्या भुवयाच बघत बसले. हा माणूस भुवया का उचलतोय? आणि एकदम आमच्या गल्लीतले आजोबा आठवले. उभा जन्म यंत्रमागावर गेलेला, खडखडाटानं कान गेलेले. कुणी बोलायला लागलं की ते अशाच भुवया उचलून समोरच्याचे ओठ वाचायचे. माझ्या कथेतला मागवाला मला तिथे सापडला. त्याचं नाक कसं आहे हे मी शेवटपर्यंत लिहिलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

नव्यानं लिहिणाऱ्यांना म्हणूनच सांगते, नाक-डोळे उतरवून घेऊ नका. चेहरा काय करतोय ते बघा, आणि तो तसं का करतोय याचं उत्तर आपल्या पात्राच्या आयुष्यात शोधा. एक युक्ती फार उपयोगी पडते. कागदानं चित्राचा खालचा अर्धा भाग झाका, नुसते डोळे बघा, मग उलट करा. कितीदा तरी डोळे एक सांगतात आणि ओठ दुसरंच. कथा त्या फटीत असते.

वय, लिंग, देश जुळलाच पाहिजे असं अजिबात नाही. स्पॅनिश चित्रकार वेलाझ्क्वेझनं १६५० मध्ये रोममध्ये हुआन दे पारेहाचं चित्र काढलं, तेव्हा पारेहा त्याचा गुलाम होता. चित्रात मात्र मान ताठ, हात पोटाशी आडवा, नजर थेट आपल्यावर. माझ्या एका कथेतली विड्या वळणारी मुलगी माल तपासणाऱ्यासमोर उभी राहते, तेव्हा तिची मान पारेहाची आहे.

कपड्यांच्या बाबतीत मात्र सांभाळून. चित्र काढून घ्यायला बसणारा माणूस बहुतेक वेळा पैसेवाला, आणि तो ठेवणीतलं नेसून बसतो. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सनं १७९० च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस रंगवले. पेशवाईवर लिहिणाऱ्यानं ती चित्रं बघावीतच, पण तो थाट दरबाराचा. तो वाड्यातल्या पाणक्याच्या अंगावर चढवू नये. केशरचनाही अशीच काळाला बांधलेली असते. इजिप्तमधल्या फायूमच्या, ममींवर बसवलेल्या प्राचीन व्यक्तिचित्रांचा काळ अभ्यासक बायकांच्या केसांच्या ठेवणीवरूनही ठरवतात.

शिवाय चित्रातला माणूस कुणीतरी बसवलेला असतो, हलत नसतो. म्हणून जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, होम मैदानावर जा आणि मोठ्या पाळण्याखाली उभ्या असलेल्या आया बघा. पोर वर गेलं की मान ताणली जाते, तोंड अर्धवट उघडं राहतं, आणि हात नकळत पुढे होतात.