बांडगुळावर कोयता चालवण्याआधी

बागेतल्या आंब्यावर बांडगूळ दिसलं की लोक कोयता शोधायला लागतात. मी म्हणते, आधी दुर्बीण काढा. झाडाखाली थांबून 'चिक् चिक्' असा तुटक आवाज ऐका. चिमणीहून लहान, मळकट रंगाचा फुलटोच्या ज्या झुबक्यावर सारखा येतोय, तिथली फळं पिकलीत.

तो फळ गिळतो आणि काही मिनिटांत बी बाहेर येते. ती इतकी चिकट असते, की बूड फांदीला घासूनच त्याला सुटका करून घ्यावी लागते. आसपासच्या डहाळ्या निरखा. चिकट तारेत ओवल्यासारख्या बिया दिसतील. त्यांना रुजायला माती लागत नाही. हाताशी असतील तर आत्ताच नखाने खरवडून टाका. हे सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच कुणी करत नाही.

जाड चिवट पानं, नळीसारखी शेंदरी फुलं आणि सांध्यापाशी फुगलेली गाठ ही बांडगुळाची खूण. आमरीची, म्हणजे ऑर्किडची, पांढुरकी मुळं सालीला नुसती धरून असतात. तिला हात लावू नका.

झुबका ओरबाडून उपयोग नाही, फांदीत रुतलेल्या मुळांतून तो पुन्हा फुटतो. शिवाय सालीवरून सरपटत गेलेली मुळं पुढे जागोजागी आत घुसतात. ती खोडाकडे कुठवर पोचलीत ते बघा आणि तिथून आणखी 30 सेंटीमीटर सोडून कापा. आधी खालून खाच, मग वरून करवत. नाहीतर फांदी पडताना साल सोलत नेते. बांडगूळ खोडावरच असेल तर दरवर्षी फळ धरण्याआधी झुबका छाटायचा, एवढंच हाती उरतं. डिझेल ओतायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. आणि सार्वजनिक बागेत हे काम उद्यान विभागाला सांगून, त्यांच्याच माणसांकडून.

सगळं काढावं का? माझ्या मते नाही. बांडगूळ पाणी आणि क्षार झाडाचे घेतं, पण अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत बनवतं. धडधाकट झाडाला एखादा झुबका जड नाही. शेंडे वाळायला लागले, तर मात्र थांबू नका.

कापण्याआधी पानं उलटून बघा. खाली पिवळी अंडी रांगेत चिकटलेली असतील, तर ती हळदीकुंकू फुलपाखराची. त्याच्या अळ्या याच पानांवर वाढतात, म्हणून तो झुबका मी शेवटी घेते.