रानभाज्यांचे मुक्त धडे बनवताय? या चुका टाळा

लोकवनस्पतीशास्त्र, म्हणजे लोक वनस्पती कशा ओळखतात आणि वापरतात याचा अभ्यास, शिकवायला रानभाज्यांइतका हाताशी असलेला विषय नाही. त्यावरचे मुक्त, म्हणजे कोणीही वापरावेत आणि बदलावेत असे, तक्ते आणि स्लाइड शिक्षकांत खूप फिरतात, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या वर्गात गेले की अडतात.

बहुतेक वेळा अडतं ते नावापाशी. नुसतं 'ब्राह्मी' लिहिलं तर कोणी बाकोपा मोनिएरी समजतो, कोणी सेंटेला एशियाटिका. उलट कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो. म्हणून शास्त्रीय नाव हवंच, आणि प्रत्येक स्थानिक नावापुढे ते कोणत्या तालुक्यात बोलतात हेही. जुन्या पुस्तकांतलं कॅशिया टोरा आता सेना टोरा झालंय. दोन्ही द्या, म्हणजे शोधताना जुनी माहितीही हाती लागते.

दुसरी चूक जास्त महागात पडते: 'खाद्य' एवढाच शेरा मारून पुढे जाणं. शेवळं ही पावसाळी रानभाजी घ्या. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ठाणे-पालघरकडे वरचं आवरण आणि आतला पिवळा भाग काढतात, मग काकडाची आंबट फळं घालून भाजी शिजवतात. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल. हे गाळलंत तर खाणाऱ्याचा घसा खाजेल, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं खरं ज्ञानही धड्यातून गळेल. फोटोचंही तसंच. शेवळाचा कोंब पावसाच्या तोंडावर येतो, पान नंतर. एकाच फेरीत काढलेला फोटो अर्धवटच राहणार. दोन्ही अवस्था टिपा, आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवा. कंदांच्या धड्यात विषारी कळलावीही दाखवा. तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असतं आणि शिजवून ते जात नाही.

'सर्वांसाठी खुले' या शब्दांनी काहीच खुलं होत नाही; परवाना लिहावा लागतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार मुक्त परवान्यांपैकी एनडी (बदललेली प्रत वाटायला मनाई) परवाना घेतलात, तर धड्याचा भिलीत अनुवाद करून तो वाटता येणार नाही. बीवाय-एसए (मूळ कर्त्याचं नाव द्या, बदललेलं त्याच परवान्यात वाटा) आणि बीवाय-एनसी-एसए (तेच, पण व्यापारी वापर नाही) साहित्य मिसळून एक नवा धडाही करता येत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरचे फोटो अनेकदा एनसी असतात, ते आधी तपासा. शाळेसाठी बीवाय-एसए ४.० पुरे.

एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून संमती आधीच घ्या. माहिती देणाऱ्या आजींना नेमकं विचारा: नाव छापायचं का, आवाज ठेवायचा का, कोणती गोष्ट गावाबाहेर जाऊ नये. वैदूच्या औषधाचं प्रमाण तर शाळेच्या धड्याला लागतच नाही. गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीतून (गावातल्या सजीवांची आणि त्यांबद्दलच्या ज्ञानाची नोंद) काही उचलायचं असेल, तर ती ठेवणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी विचारा. दुर्मीळ वनस्पतीचं ठिकाण तालुक्यापुरतंच सांगा.

राहिली फाइल. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर शोधात सापडत नाही, कॉपी केला की अक्षरांचा काला होतो. युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरप्रणालीत) टाइप करा आणि पीडीएफसोबत बदलता येणारी ओडीटी (लिबरऑफिससारख्या प्रोग्रॅमची फाइल) प्रतही ठेवा.