पावसाळ्यात घरच्या घरी ट्रेडमिल वापरताना

आषाढ लागला की रत्नागिरी-मालवणकडे समुद्रकिनाऱ्यावरचे चालणे बंद पडते आणि पडवीत झाकून ठेवलेली ट्रेडमिल पुन्हा सुरू होते. मात्र पडवीत पावसाची झड येत असेल, तर यंत्र आतल्या कोरड्या खोलीत, सपाट जमिनीवर आणि अर्थिंग असलेल्या प्लगजवळच ठेवावे. तोल गेल्यास पट्टा माणसाला मागे फेकतो, म्हणून मागे सुमारे २ मीटर जागा मोकळी हवी. यंत्राची पाठ भिंतीला लावणे ही माझ्या मते सर्वांत धोकादायक चूक आहे.

सुरू करताना पट्ट्यावर उभे राहू नये. दोन्ही पाय कडेच्या स्थिर पट्ट्यांवर ठेवून, सुरक्षा-किल्लीची दोरी कपड्याला चिमट्याने अडकवून, वेग ताशी १ ते २ किलोमीटर ठेवावा आणि मगच पट्ट्यावर पाऊल टाकावे. ही दोरी बहुतेक जण नुसती लोंबकळत ठेवतात. पण पाय घसरल्यावर किल्ली ओढली जाऊन यंत्र थांबते ते तिच्यामुळेच. नजर समोर असावी, मोबाईलवर नव्हे. थांबण्यापूर्वी ५ मिनिटे वेग हळूहळू कमी करावा.

आपल्याकडे वीज केव्हाही जाते. अशा वेळी कठडा धरून बाजूला उतरावे आणि बटण बंद करावे. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, तेही अधूनमधून तपासावेत. घरात लहान मुले असतील तर व्यायाम संपताच किल्ली काढून उंचावर ठेवावी, कारण फिरत्या पट्ट्याखाली त्यांची बोटे सहज अडकतात.