घामोळ्या की खरूज?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. आशाताई म्हणून घरोघरी जाते तेव्हा मी आधी बाळाची मान आणि काखा बघते. तिथे बारीक लाल पुटकुळ्या असतील, तर बहुधा घामोळ्याच. साध्या पाण्याने अंघोळ घाला, अंग टिपून घ्या, सैल सुती झबलं घाला. तेल आणि पावडरचे थर नकोतच गं बायांनो, घामाची बुजलेली छिद्रं आणखी बुजतात.

बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री जास्त खाज, घरात आणखी कुणी खाजवतंय? मग खरजेचा संशय घ्या. डॉक्टरांनी दिलेलं मलम सगळ्या घराने एकाच वेळी लावायचं, नाहीतर ती परत येते.

ताप आहे आणि अंगावरच्या डागांवर काचेचा पेला दाबूनही ते फिके पडत नाहीत? सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.