कांगेर घाटीला जाताय? या चुका टाळा

ऐन जुलैत छत्तीसगडच्या बस्तरमधलं कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान गाठणारे हमखास हिरमुसतात. तीरथगडचा धबधबा तेव्हा भरात असतो, पण कुटुमसर गुहेत पाणी शिरत असल्याने पावसाळाभर ती बंद असते आणि साधारण नोव्हेंबरात उघडते. एप्रिल-मेमध्ये उलटं: गुहा दिसते, धबधब्याची धार मात्र बारीक झालेली. दोन्ही हवं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर गाठा. गुहा उघडली का, हे गाडी ठरवण्याआधी जवळच्या जगदलपूर शहरात विचारून घ्या. पावसाळ्यातच पोचला असाल, तर गुहेचा नाद सोडून तो दिवस धबधब्यांना द्या.

दुसरा घोळ नावांचा. रुंद, घोड्याच्या नालेसारखा चित्रकोट धबधबा इंद्रावती नदीवर आहे, राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर. उद्यानातला तो तीरथगड, पायऱ्यापायऱ्यांनी सुमारे ३०० फूट उतरणारा. जगदलपूरहून दोन्हींच्या दिशा वेगळ्या. उद्यान जेमतेम २०० चौरस किलोमीटरचं, म्हणून सगळं अर्ध्या दिवसात उरकू, असं समजू नका.

खरी काळजी गुहेत घ्यायची. तोंड अरुंद, खाली उतार निसरडा, हवा दमट आणि कोंदट. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर उतरूच नका. आत जीव घाबरा झाला तर लगेच गाइडला सांगा आणि तिथूनच मागे फिरा. पुढे गेलात तर तेवढंच अंतर पुन्हा चढायचं आहे. सपाट तळाची चप्पल नको, पकड असलेले बूट घाला.

आणि कृपा करून लवणस्तंभांना, म्हणजे गुहेत छतावरून लोंबणाऱ्या आणि जमिनीवरून वर आलेल्या दगडी खांबांना, हात लावू नका. चुनखडीतून झिरपणारं पाणी थेंबाथेंबाने क्षार मागे ठेवतं, त्यातून ते घडतात. बोटांचं तेल लागलं की तिथे नवा थर नीट धरत नाही. फोटोसाठी टेकलेला एक तळवा शतकांच्या कामावर डाग ठेवून जातो. पाण्याच्या डबक्यांतही पाय घालू नका. तिथे फिकट रंगाचे, डोळे जवळजवळ निकामी झालेले छोटे मासे राहतात. कायमच्या अंधाराला सरावलेला जीव आहे तो. टॉर्च वाटेवरच धरा.

तीरथगडला खाली जाताना पायऱ्या सोप्या वाटतात, दम लागतो तो परत चढताना. म्हणून ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर ऊन चढण्याआधी धबधबा पाहा आणि गुहा नंतर ठेवा. शेवाळलेल्या कातळावर पाण्याच्या कडेला कुणालाच उभं करू नका.